मतदाराचा संशय आणि उमेदवाराचे वचन

शहापूर व मुरबाड ही ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील दोन तालुक्यांची ठिकाणे. एके काळी येथे ग्रामपंचायतींचा कारभार होता. आज नगरपंचायती आहेत. गावाचे नगर झाले आणि त्याबरोबर निवडणुकीची रीतही पालटली. पूर्वी जी गोष्ट ओटीवर बसून, भावकीच्या आणि आळीच्या बोलण्यात ठरत असे, ती आता फलक, भोंगे, मोटारींचे ताफे आणि भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या चित्रफिती यांच्या गदारोळात ठरू लागली आहे. राज्यातील शंभरांहून अधिक नगरपंचायतींबरोबर या दोन्ही नगरपंचायतींसाठी २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन दिवशी मतदान झाले. त्या प्रचाराच्या वेळी आणि त्यानंतर आलेल्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या वेळी या भागातील सामान्य मतदाराच्या वृत्तीत एक फरक स्पष्टपणे दिसून आला. उमेदवार बोलतो तेव्हा मतदार मान डोलावतो, हार स्वीकारतो, चहा घेतो. परंतु उमेदवाराची पाठ वळताच तो हसतो. ‘बघू, किती करतो ते,’ एवढेच त्याचे उत्तर असते.

या हसण्याचा अर्थ काय, आणि ते हसणे आपणांस कोठे घेऊन जाणार आहे, याचा विचार आमच्या वाचकांनी, विशेषतः ज्या कुटुंबांनी नुकताच धम्माचा स्वीकार केला आहे त्यांनी, करावा म्हणून आजचा हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथमच सांगितले पाहिजे की, मतदाराच्या या संशयास आम्ही दोष देत नाही. उलट तो अनुभवातून आलेला शहाणपणा आहे, असेच आमचे मत आहे. शहापूर तालुक्याचा पाण्याचा प्रश्न घ्या. मुंबई शहराची तहान भागविणारा तानसा तलाव १८९२ साली पूर्ण झाला, तो या तालुक्यात. मुंबईस दररोज जे पाणी मिळते त्यापैकी निम्म्याच्या जवळपास ज्या भातसा धरणातून जाते, ते धरणही याच तालुक्यात. मोठमोठ्या जलवाहिन्या येथील शेतांच्या बांधांवरून, पाड्यांच्या कडेने मुंबईकडे धावत असतात. आणि त्याच पाड्यांतील बायका चैत्र-वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. मुरबाड तालुक्याचीही कथा याहून फारशी निराळी नाही. बारवी धरणाचे पाणी या तालुक्याच्या जमिनीवर अडविले गेले. ते कारखान्यांस व आसपासच्या वाढत्या शहरांस मिळाले. आणि ज्यांची गावे व शेते त्या पाण्याखाली गेली, त्यांस आपल्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे शासनाचे उंबरठे झिजवावे लागले.

ज्या माणसाच्या दारावरून पाणी वाहते आणि ज्याच्या घरात ते येत नाही, त्याला पाण्याचे वचन देणे ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. म्हणूनच प्रत्येक निवडणुकीत ते वचन दिले जाते. ग्रामपंचायतीचा उमेदवार ते देतो, नगरपंचायतीचा देतो, जिल्हा परिषदेचा देतो, आमदारकीचा देतो आणि खासदारकीचाही देतो. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून शहापूरच्या टंचाईग्रस्त गावांस पाणी आणण्याच्या योजनेची वचने लोकांनी एकाहून अधिक निवडणुकांत ऐकली. एकच हंडा पाच जणांनी पाच वेळा भरून देण्याचे कबूल केले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो रिकामाच राहिला, म्हणजे तहानलेल्या माणसाने सहाव्याचे बोलणे कोणत्या श्रद्धेने ऐकावे?

मुरबाडकरांच्या बाबतीत आगगाडीने हेच काम केले आहे. कल्याणहून उल्हासनगरमार्गे मुरबाडपर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा लोहमार्ग व्हावा ही या भागाची जुनी आणि सर्वस्वी न्याय्य मागणी आहे. मुरबाडचा तरुण नोकरीसाठी वा शिक्षणासाठी कल्याणला जातो तो एस.टी.च्या गर्दीत उभा राहून. पहाटे निघतो आणि रात्री परततो. त्याला आगगाडीचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. या मार्गास मंजुरी मिळाली, खर्चाचा निम्मा भार राज्याने उचलावा असेही ठरले. परंतु आजही मुरबाडच्या माणसाने आपल्या गावातून गाडी पकडलेली नाही. मात्र निवडणुकीच्या व्यासपीठावर ती गाडी अनेकदा येऊन थांबली आणि निकाल लागताच निघून गेली.

येथे एक साधा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. नगरपंचायतीच्या उमेदवाराने आगगाडीचे वचन का द्यावे? आगगाडी आणणे हे नगरसेवकाच्या हाती आहे काय? भातसा धरणाचे पाणी किती आणि कोणास द्यावयाचे, हे शहापूर नगरपंचायतीच्या सभेत ठरते काय? नाही. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्वराज्य संस्थांस घटनात्मक स्थान मिळाले आणि बाराव्या परिशिष्टात १८ विषय नमूद झाले. घरगुती पाणीपुरवठ्याचे वितरण, गटारे, आरोग्य व स्वच्छता, रस्ते, दिवाबत्ती, गलिच्छ वस्त्यांची सुधारणा, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, दहनभूमी व दफनभूमी, जन्म-मृत्यूची नोंद, असे हे विषय आहेत. यांतील प्रत्येक विषय गरिबाच्या जगण्याशी निगडित आहे. बौद्ध वस्तीतले गटार उघडे का, स्मशानाकडे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाने बंद का होते, वस्तीच्या शेवटच्या खांबावरचा दिवा कित्येक महिने का लागत नाही, हे प्रश्न नगरसेवकास विचारता येतात आणि त्यांची उत्तरे देणे त्यास भाग आहे. म्हणूनच तो आगगाडीविषयी बोलतो. जे आपल्या हाती नाही त्याचे वचन दिले की, जे आपल्या हाती आहे त्याचा हिशेब द्यावा लागत नाही. लोकानुनय करणाऱ्या उमेदवाराचे हे पहिले लक्षण होय.

दुसरे लक्षण असे की, तो हक्कास देणगीचे रूप देतो. अनुसूचित जातींच्या वस्त्यांच्या सुधारणेसाठी राज्य शासनाचा निधी नगरपंचायतींकडे येतो. तो निधी कोणा व्यक्तीच्या खिशातला नाही. तो कायद्याने व शासननिर्णयाने आलेला, करदात्याच्या पैशातून उभारलेला निधी आहे. परंतु त्यातून दोनशे फूट रस्ता झाला की रस्त्याच्या तोंडाशी कमान उभी राहते आणि कमानीवर उमेदवाराचे छायाचित्र झळकते. रस्त्याच्या लांबीपेक्षा फलकाचीच उंची अधिक! आणि आपली माणसे त्या कमानीखाली उभी राहून त्याचे आभार मानतात. ज्याचे त्याला मिळाले म्हणून देणाऱ्याचे पाय धरावयाचे, ही रीत आपण ज्या व्यवस्थेतून बाहेर पडलो त्या व्यवस्थेची आहे. येसकराच्या भाकरीची सवय जिभेवरून गेली. ती मनावरूनही गेली पाहिजे.

हक्क आणि खैरात यांतील भेद समजण्यासाठी महाराष्ट्राच्याच इतिहासातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. १९७२ च्या भीषण दुष्काळात या राज्यात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील पगारदारांकडून व्यवसायकर घेऊन खेड्यातील श्रमिकास काम द्यावयाचे, आणि काम देता आले नाही तर भत्ता द्यावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. मजुराने काम मागावे आणि शासनाने ते द्यावे. ते कोणा मंत्र्याच्या कृपेवर अवलंबून नसावे, ही त्यातील तत्त्वाची गोष्ट. आता २०२४ सालाकडे पाहा. विधानसभेची निवडणूक पाच महिन्यांवर आली असता महिलांस दरमहा १,५०० रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. तिच्यासाठी वर्षाला ४६,००० कोटी रुपयांचा अंदाज सांगण्यात आला. प्रचाराच्या दिवसांत सत्ताधाऱ्यांनी हा आकडा २,१०० करू असे म्हटले आणि विरोधकांनी ३,००० देऊ असे म्हटले. जणू लिलावच मांडला गेला. निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली आणि लाखो स्त्रियांचे लाभ थांबले.

आमच्या या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये. ज्या भगिनीच्या हाती कधीच स्वतःचा पैसा पडला नाही, तिला १,५०० रुपये मिळाले तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या माणसास नाही. कातकरी वाडीतील, बौद्ध वस्तीतील कित्येक घरांत त्या पैशांतून मुलांच्या वह्या आल्या असतील, औषधे आली असतील. प्रश्न पैशाचा नाही. तो कोणत्या नात्याने दिला गेला याचा आहे. कायद्याने दिलेला हक्क निकालानंतरही मागता येतो; नात्याच्या गोड नावाने दिलेली भेट देणाऱ्याच्या मर्जीने कमी-अधिक होते. मतदाराने मदत जरूर घ्यावी. परंतु ती हक्क म्हणून घ्यावी आणि ती हक्क म्हणून कायद्यात लिहून मागावी. मताच्या बदल्यात मात्र तिचा स्वीकार करू नये.

बौद्धांच्या सवलतींचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. धर्म बदलला म्हणून आपली गरिबी बदलली नव्हती आणि आपणांस अस्पृश्य मानणाऱ्यांची नजरही बदलली नव्हती. तरीही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींतून बौद्ध वगळले गेले. त्यानंतर किती निवडणुका आल्या आणि किती उमेदवारांनी आपल्या वस्त्यांत येऊन हा अन्याय दूर करण्याचे वचन दिले, याची गणना करणे कठीण आहे. रिपब्लिकन पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह केला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखो माणसे तुरुंगात गेली. त्यांच्या मागण्यांत ही मागणीही होती. केंद्राने कायदा दुरुस्त केला तो १९९० मध्ये, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. तुरुंगात गेलेल्या माणसांनी, अर्जामागून अर्ज करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि मागणी न सोडणाऱ्या समाजाने तो हक्क जिवंत ठेवला. कोणत्याही एका प्रचारसभेने तो दिलेला नाही. हे ज्याच्या ध्यानात आहे, तो उमेदवाराच्या ‘सत्तेवर येताच चोवीस तासांत’ या शब्दांनी हुरळून जाणार नाही.

घोषणेने हक्क टिकत नाही, याचा दुसरा धडा तर शहापूर-मुरबाडच्या त्याच निवडणुकीने दिला. तेथील मतदान दोन दिवशी का झाले? इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांस आधारभूत अशी आकडेवारी शासनाने गोळा केलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात त्यासाठी तीन कसोट्या घालून दिल्या होत्या : मागासलेपणाची चौकशी करणारा आयोग, त्याच्या आधारे प्रत्येक संस्थेसाठी प्रमाण, आणि एकूण आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा. त्या पुऱ्या न झाल्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये त्या जागा खुल्या ठरल्या आणि त्यांचे मतदान १८ जानेवारीस घ्यावे लागले. सर्व पक्षांचे पुढारी व्यासपीठावरून या आरक्षणाचे कैवारी म्हणवीत होते. परंतु न्यायालयात टाळ्या चालत नाहीत. तेथे कागद लागतो, आकडे लागतात. पुढे बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्यानुसार निवडणुका घेण्यास अनुमती दिली. तोवर या दोन नगरांतील इतर मागासवर्गीयांच्या हातून त्या वेळच्या राखीव जागा गेल्या होत्या. आपले बांधव असलेल्या त्या समाजाचे हे नुकसान भाषणांच्या अभावी झाले नाही. शांतपणे, वेळेवर करावयाचे काम कोणी केले नाही, म्हणून झाले.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, ‘मग लोक संशय घेतात ते बरोबरच आहे, आणखी सांगावयाचे काय उरले?’ सांगावयाचे खरे ते येथूनच पुढे आहे.

संशयाचे दोन प्रकार आहेत. एक संशय माणसास डोळे उघडावयास लावतो. दुसरा त्याचे डोळे मिटवितो. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ असे म्हणून जो स्वस्थ बसतो, त्याला वाटते की आपण फार शहाणे झालो, आपणांस आता कोणी फसवू शकणार नाही. वस्तुतः फसविणाऱ्यास हवा असतो तो हाच माणूस. कारण सगळेच सारखे ठरले की निवडण्यासारखे काही उरत नाही. आणि निवडण्यासारखे काही उरले नाही की मग प्रश्न एवढाच राहतो, की आज रात्री कोण काय देऊन जातो. ‘नाहीतरी हे काही करणार नाहीत, मग देतात ते का सोडा?’ हे वाक्य आमच्या वस्त्यांत आम्ही ऐकले आहे. ते ऐकून आम्हांस जितके दुःख झाले तितके दुःख कोणत्याही उमेदवाराच्या खोट्या वचनाने झाले नाही. भोळा माणूस एकदा फसतो. परंतु ज्याने विश्वासही टाकला आणि विचारही टाकला, तो दर निवडणुकीत विकला जातो, आणि वर आपण धूर्त आहोत असे समजतो. मतासाठी पैसे देणारा जसा कायद्याने अपराधी आहे, तसाच घेणाराही आहे, हे तर झालेच. परंतु कायद्याहूनही मोठी गोष्ट ही की, ज्याने मताची किंमत घेतली त्याला पाच वर्षे गटाराविषयी तोंड उघडता येत नाही. त्याचा व्यवहार मतदानाच्या आदल्या रात्रीच पुरा झालेला असतो.

नगरपंचायतीत तर हा धोका अधिक आहे. तिचे १७ प्रभाग. एकेका प्रभागात मते ती कितीशी? मोठ्या शहरात उमेदवार मतदारास ओळखत नाही. येथे तो मतदाराच्या आजारी आईचे नावही जाणतो. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या घराच्या नोंदीचा अर्ज पडून आहे, कोण पतपेढीच्या कर्जात आहे, हे सर्व त्यास ठाऊक असते. दहा घरे इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. म्हणूनच दहा घरांची एकजूट आणि दहा घरांची सावधानता यांस येथे जेवढे मोल आहे तेवढे अन्यत्र कोठेही नाही.

भगवान बुद्धांच्या काळी कोसल देशात केसपुत्त नावाचे एक गाव होते. तेथील कालाम लोकांची तक्रार आजच्या मतदाराच्या तक्रारीसारखीच होती. गावात एकामागून एक उपदेशक येतात. प्रत्येक जण आपले मत तेवढे उजळून सांगतो आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करतो. यांतील खरे कोण आणि खोटे कोण हे आम्हांस कळेनासे झाले आहे, असे त्यांनी भगवंतांस सांगितले. त्यांच्या संशयाबद्दल भगवंतांनी त्यांस दोष दिला नाही; संशय घेण्याजोग्या ठिकाणीच तुम्ही संशय घेतला आहे, असेच त्यांनी सांगितले. परंतु त्यांनी कालामांस संशयातच सोडूनही दिले नाही. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, बोलणाऱ्याच्या थोरवीवर विसंबू नका. लोभ, द्वेष आणि मोह यांतून काय निपजते, त्याने कोणाचे अहित होते आणि कोणाचे हित होते, हे स्वतः पारखून मग स्वीकारा वा टाका, असा मार्ग त्यांनी दाखविला. संशयातून परीक्षेकडे नेणारा हा उपदेश आहे. जो परीक्षेपर्यंत जात नाही, त्याचा संशय अर्ध्या वाटेवरच बसलेला आहे.

परीक्षा कशी करावी, याचेही माप आपल्या परंपरेत तयार आहे. भिक्षुसंघात मतभेद झाला म्हणजे शलाका वाटून मत घेण्याची पद्धत होती. त्यात गुप्त मतदानाचीही रीत होती. शलाका वाटण्याचे काम ज्याच्याकडे द्यावयाचे तो भिक्षू छंद, द्वेष, मोह आणि भय या चार गोष्टींनी वाकणारा नसावा, असा विनयाचा दंडक होता. सिगालोवाद सुत्तात गृहस्थासही याच चार आडवाटांपासून सावध राहण्यास सांगितले आहे. मत देताना आपण प्रत्येकाने स्वतःस हेच चार प्रश्न विचारावेत. हा उमेदवार माझ्या नात्याचा, पोटजातीचा, ओळखीचा म्हणून मी त्याच्याकडे झुकतो काय? दुसऱ्या समाजाविषयी, दुसऱ्या गटाविषयी त्याने माझ्या मनात जो राग पेटविला, त्या रागाने मी मत देतो काय? त्याच्या वचनांच्या चकाकीस भुलून देतो काय? की घराची नोंद अडेल, मुलाचे काम जाईल, या भीतीने देतो? चारही प्रश्नांस ‘नाही’ असे उत्तर ज्यास देता येईल त्याचे मत स्वतंत्र होय.

यातील पहिला प्रश्न आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक विचारला पाहिजे, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो. कोणास राग आला तरी चालेल. लोकांस भुलविणारा उमेदवार नेहमी परका असतो असे नाही. निळा झेंडा खांद्यावर घेऊन, ‘जय भीम’ची आरोळी देऊन, जयंतीस सर्वांत मोठी वर्गणी टाकून येणारा माणूसही तोच असू शकतो. तो पुतळ्यास हार घालतो, विहारास ध्वनिक्षेपक देतो, कमानीस रंग देतो. परंतु वस्तीतील मुलींच्या शाळेची वाट, वसतिगृहातील जागा, शौचालयाचे पाणी यांविषयी त्याला विचारले की तो दुसऱ्याच गोष्टी बोलू लागतो. बाबासाहेबांच्या नावाने मत मागणाऱ्यास बाबासाहेबांच्याच कसोटीस लावले पाहिजे. आणि ती कसोटी काय होती?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत बोलताना बाबासाहेबांनी राष्ट्रास इशारा दिला की, धर्मात भक्ती आत्म्याच्या उद्धाराचा मार्ग असेल, परंतु राजकारणात भक्ती वा विभूतिपूजा ही अधोगतीची आणि अखेरीस हुकूमशाहीची वाट आहे. हा इशारा देणारा पुरुष स्वतः लोकांच्या असीम श्रद्धेचा विषय होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. आणि ते केवळ बोलले नाहीत. हिंदू कोड बिल अडविले गेले तेव्हा, सप्टेंबर १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना त्यांनी कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला. ज्या स्त्रियांच्या हक्कांसाठी ते बिल होते, त्यांतील बहुसंख्य स्त्रिया त्यांना मते देणार नव्हत्या. लोकांस काय आवडेल याचा हिशेब त्यांनी केला नाही. लोकांस काय न्याय्य आहे याचा केला. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्या पराभवाने बाबासाहेब लहान झाले नाहीत. मत देणारी जनताच त्या वेळी एका मोठ्या संधीस मुकली. आजही जेव्हा एखादा प्रामाणिक उमेदवार ‘हे माझ्या हाती नाही, हे मात्र मी करीन’ असे खरे सांगतो आणि आपण त्याला ‘याच्यात दम नाही’ म्हणून बाजूला सारतो, तेव्हा आपण तीच चूक पुन्हा करीत असतो. उमेदवार खोटे बोलतात ही आपली तक्रार खरी आहे. परंतु खरे बोलणाऱ्यास आपण किती वेळा निवडले, हेही एकदा मोजून पाहावे.

संघटित संशयाने काय साधते, याचे उदाहरण शोधण्यास मुरबाडबाहेर जावयास नको. काळू नदीवरील प्रस्तावित धरणास त्या तालुक्यातील आदिवासी व शेतकरी गावांनी ‘विकास येईल’ या शब्दावर मान डोलावली नाही. त्यांनी वनखात्याची परवानगी कोठे आहे, ग्रामसभेची संमती कोठे आहे, असे विचारले. श्रमिक मुक्ती संघटनेच्या साह्याने ते उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्या धरणाचे काम थांबविले. धरण हवे की नको याविषयी मतभेद असू शकतील. परंतु अल्पशिक्षित म्हणून ज्यांस हिणविले जाते त्या माणसांनी गोड शब्दाऐवजी कागद मागितला, ही गोष्ट तालुक्याच्या प्रत्येक मतदाराने मनावर कोरून ठेवण्याजोगी आहे.

आपल्या कुटुंबांस करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. उमेदवार दारात आला की त्याचा अनादर करू नये. त्यास बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे : आपण जे सांगता ते नगरपंचायतीच्या अधिकारातले आहे काय? त्यास पैसा कोठून येईल? ते कोणत्या वर्षी पुरे होईल? मागच्या खेपेस आपण वा आपल्या पक्षाने जे सांगितले होते त्याचे काय झाले? ही उत्तरे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. ही वही विहारात राहावी आणि पौर्णिमेस वंदनेनंतर ती वाचली जावी. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे द्यावे; त्यांस नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ मिळणार नाही. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांचे खटले यांविषयी दिलेले शपथपत्र सर्वांस पाहता येते. ते एकाने पाहून दहा जणांस सांगावे. निधीचा हिशेब २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येतो. राखीव जागेवर भगिनी निवडून आली असेल तर प्रश्न तिलाच विचारावेत, तिच्या पतीस विचारू नयेत. तिला बोलू दिले तरच ती बोलू लागेल. आणि एकही उमेदवार योग्य वाटला नाही, तरी घरी बसू नये. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे नोंदविण्याची सोय आहे; राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये असे ठरविले की स्थानिक निवडणुकीत अशी मते सर्वाधिक झाली तर पुन्हा निवडणूक घ्यावी. घरी बसलेल्या माणसाचा राग कोणासही दिसत नाही. यंत्रावर नोंदविलेला नकार मोजला जातो.

आमच्या नवदीक्षित कुटुंबांस शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. आपण धम्म स्वीकारला तो कोणी तरी सांगितले म्हणून डोळे मिटून स्वीकारलेला नाही, पारखून स्वीकारला. ज्या माणसाने आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या देवांस प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखविले, त्यास प्रभागातील उमेदवारास प्रश्न विचारण्याचा संकोच का वाटावा? संशय जरूर घ्या. परंतु त्या संशयाच्या हाती वही द्या, लेखणी द्या आणि त्याला मतदानकेंद्रापर्यंत चालत न्या. शहापूरच्या वस्तीत पाण्याची वाट पाहणाऱ्या माउलीस आणि मुरबाडच्या एस.टी.त उभ्याने जाणाऱ्या तरुणास नुसत्या हसण्याने न्याय मिळणार नाही. जो मतदार विसरत नाही, त्याच्यापुढेच उमेदवार जपून बोलू लागतो. असा न विसरणारा मतदार प्रत्येक बौद्ध घरातून तयार व्हावा, हीच आमची आमच्या वाचकांस आग्रहाची विनंती आहे.